ज्यांनी साक्ष ऐकली, त्यांनीच निकाल लिहावा

प्रति,
माननीय मुख्य न्यायमूर्ती,
मुंबई उच्च न्यायालय.



मी हिंगोली जिल्ह्यात वकिली करतो. दिवाणी काम जास्त, फौजदारी पोटापुरतं. आमच्यासारख्यांनी थेट आपल्याला लिहायची पद्धत नाही. काही सांगायचं असलं की वकील संघाचा ठराव होतो, तो प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे जातो, जिल्ह्यावर देखरेख ठेवणारे उच्च न्यायालयातले पालक न्यायमूर्ती भेटीला आले की त्यांच्या हातात निवेदन दिलं जातं आणि हारतुऱ्यांत ते बहुधा राहून जातं. म्हणून हे उघड पत्र. मागणी एकच आहे. ज्या न्यायाधीशांनी साक्षीदाराला पाहिलं आणि ऐकलं, निकालही त्यांच्याच हातून लिहिला जावा, आणि बदल्यांची घडी त्या हिशेबानं बसवावी.

साक्ष कशी होते हे आपल्याला सांगण्याचा आगाऊपणा करत नाही. पण हे पत्र इतरही वाचणार आहेत, म्हणून जरा तपशिलात जातो.

मराठवाड्यातल्या एका तालुक्यातला वाटणीचा दावा. वादी साठी ओलांडलेली बहीण, प्रतिवादी दोन भाऊ. मुलीला जन्मानंच वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा आहे, हे 2005 च्या दुरुस्तीनं आणि नंतर विनीता शर्मा प्रकरणातल्या 2020 च्या निकालानं पक्कं झालेलं. भावांचं म्हणणं असं की बहिणीनं हक्कसोडपत्र करून दिलं आहे. नोंदणीकृत दस्त आहे, त्यावर तिचा अंगठा आहे. बहिणीचं म्हणणं असं की कशावर अंगठा घेतला ते मला कोणी सांगितलंच नाही. म्हणजे सगळा दावा एका प्रश्नावर येऊन थांबला. ही बाई खरं बोलते का?

हल्ली सरतपास शपथपत्रावर होतो. तो वकिलानं लिहिलेला असतो; त्यात पक्षकाराचा आवाज शोधू नये. माणूस बोलतो तो उलटतपासात. समोरच्या वकिलांनी विचारलं, रजिस्ट्री ऑफिसात तुम्ही स्वतः गेला होतात ना? बाई म्हणाली, हौ, गेले होते. कशाला गेला होतात? ती थांबली. मागं वळून बाकावर बसलेल्या थोरल्या भावाकडे पाहिलं, पदर नीट केला आणि म्हणाली, "भाऊ म्हणला चल, म्हणून गेले." दस्त तुम्हाला वाचून दाखवला होता, हे खरं ना? यावर ती बराच वेळ काही बोललीच नाही. टंकलेखकाची बोटं कळफलकावर तशीच थांबली होती. मग बाईनं मान हलवली, साहेबांनी "तोंडानं सांगा" म्हटलं, तेव्हा ती "नाही" म्हणाली.

कागदावर काय उतरलं? "हे म्हणणे खरे आहे की, मी दुय्यम निबंधक कार्यालयात स्वतः हजर होते. हे म्हणणे खरे नाही की, मला दस्त वाचून दाखवला होता." एवढंच. आमच्या कोर्टांतल्या साऱ्या उलटतपासांची भाषा ही अशीच असते. "हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे" या वाक्यानं प्रत्येकाचा शेवट होतो, मग साक्षीदार हरिश्चंद्र असो की बेरकी. भावाकडे टाकलेली ती नजर आणि मधला तो थांबा कागदावर कुठंच नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत साक्षीदाराच्या वर्तनाबद्दल शेरा नोंदवायची मुभा आहे, आदेश 18 नियम 12. पण बोर्डावर शंभरावर प्रकरणं असताना तो शेरा कोण लिहिणार? माझ्या पाहण्यात तो क्वचितच आला.

ज्या साहेबांनी ही साक्ष घेतली ते पुढच्या जूनमध्ये बदलून गेले. त्यांच्या जागी लगेच कोणी आलं नाही. शेजारच्या तालुक्याच्या न्यायाधीशांकडे चार्ज होता, तोवर नुसत्या तारखा पडत राहिल्या. नंतर आलेल्या साहेबांनी युक्तिवाद अर्धा ऐकला आणि त्यांना बढती मिळाली. निकाल लिहिला तिसऱ्यांनी. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. निकालपत्र सुबक होतं, प्रत्येक मुद्द्याला कारणं दिलेली होती. वादी स्वतः कार्यालयात हजर असल्याचं कबूल करते, नोंदणीकृत दस्त खरा असल्याचं कायद्यानं गृहीत धरावं लागतं, वादीचा नकार मोघम आहे. सबब दावा नामंजूर.

निकाल चुकला असं मी म्हणत नाही. कदाचित बाईच खोटं बोलत असेल. माझं म्हणणं इतकंच की ती खरी की खोटी हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, ते साहेब तेव्हा कोकणातल्या कुठल्याशा तालुक्यात दुसऱ्यांच्या साक्षी ऐकत बसले होते.

हे सगळं कायद्याला धरूनच झालं. आदेश 18 नियम 15 प्रमाणं आधीच्या न्यायाधीशांनी नोंदवलेला पुरावा नव्यांनी आपलाच समजून पुढं चालवायचा. फौजदारीतही तशीच तरतूद आहे. फक्त संक्षिप्त पद्धतीनं चालवलेल्या खटल्यांना ती लागू नाही. तिथं आधीच्या दंडाधिकाऱ्यांनी घेतलेल्या पुराव्यावर नव्यांना शिक्षा देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये नितीनभाई शाह प्रकरणात सांगितलं. गंमत अशी की चेक न वटल्याच्या खटल्यात, जिथं बहुतेक सगळा पुरावा कागदीच असतो, तिथं कायदा इतका कडक. आणि जिथं सगळं बाईच्या चेहऱ्यावर अवलंबून आहे तिथं तो इतका सैल.

सरकारी अधिकाऱ्यांना मात्र न्यायालयांनी ही सवलत दिलेली नाही. आंध्रातल्या बस वाहतुकीच्या राष्ट्रीयीकरणाच्या वेळी खासगी बसमालकांचे आक्षेप ऐकले वाहतूक खात्याच्या सचिवांनी आणि निर्णय दिला मुख्यमंत्र्यांनी. गुल्लापल्ली नागेश्वर राव यांच्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हा प्रकार मोडीत काढला. एकानं ऐकायचं आणि दुसऱ्यानं ठरवायचं, तर सुनावणी हा नुसता उपचार उरतो, हा त्या निकालाचा सारांश. 1959 च्या अहवालांत तो छापलेला आहे आणि कायद्याचा विद्यार्थी तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला वाचतो. मंत्रालयाला लावलेला हा नियम तालुका कोर्टाला लावायचं तेवढं राहून गेलं.

वरच्या कोर्टात दाद मागा, असं यावर कोणीही म्हणेल. म्हणून उतरंडीबद्दल थोडं.

कळमनुरीच्या शेतकऱ्याचा धुऱ्यावरून वाद पेटला, तर त्याला पहिल्यांदा भेटतो तो न्यायाधीश नव्हेच. रस्ता अडवला असेल तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तो तहसीलदारांकडे जातो, मोजणीसाठी भूमी अभिलेखकडे, फेरफाराचं रडगाणं घेऊन उपविभागीय अधिकाऱ्यांकडे. त्याच्या लेखी ही सगळी कोर्टंच आहेत; तिथंही तारीख असते, वकील असतो, हुकूम होतो. मालकीचा प्रश्न आला की दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. तेच साहेब त्याच खुर्चीत बसून प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी असतात, तीन वर्षांपर्यंत कैद देऊ शकतात. रात्री उचलून आणलेल्या पोराला 24 तासांच्या आत ज्यांच्यासमोर उभं करावं लागतं, तेही बहुतेक वेळा हेच. वर वरिष्ठ स्तर, मुख्य न्यायदंडाधिकारी, मग जिल्हा व सत्र न्यायाधीश. ते फाशीही देऊ शकतात, पण उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही. त्यापुढं छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ, आणि टोकाला दिल्लीत 34 न्यायमूर्ती.

वर जावं तसा अधिकार वाढतो, हे बाकावर बसलेल्या पक्षकारालाही माहीत असतं. वर जावं तसा साक्षीदार दिसेनासा होतो, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. पहिल्या अपिलात जिल्हा न्यायाधीश पुरावा नव्यानं तोलतात खरा, पण हातात असतो तोच "हे म्हणणे खरे नाही की" चा कागद. वर पुन्हा, खालच्या न्यायाधीशांनी साक्षीदार प्रत्यक्ष पाहिला आहे, त्यामुळे त्यांच्या मताला वजन द्यावं, हा अपिलांतला जुना दंडक. माझ्या अशीलाच्या दाव्यात तो दंडक कोणाला लावायचा? निकाल लिहिणाऱ्यांनी साक्षीदार पाहिलाच नव्हता. दुसऱ्या अपिलात तर 1976 च्या दुरुस्तीनंतर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असल्याशिवाय दारच उघडत नाही. बाई खरं बोलली का, हा कायद्याचा प्रश्न होत नाही. तेव्हा दोनशे किलोमीटरहून जास्त प्रवास करून, खंडपीठापुढं वकील लावून ती जे मिळवेल ते एवढंच, की वस्तुस्थितीचा निष्कर्ष खाली लागलेला आहे, त्यात हात घालता येत नाही.

उतरंडीतल्या सगळ्यांत कनिष्ठ न्यायाधीशांचा शब्द वस्तुस्थितीबाबत असा जवळजवळ शेवटचा ठरतो. आणि नेमके तेच सगळ्यांत जास्त हलवले जातात.

हे गाऱ्हाणं विधी व न्याय मंत्र्यांकडे का नेलं नाही, असं विचारलं जाईल. इमारत, पदं, पैसा हे सरकारच्या हातात आहे, बदल्या नाहीत. सरन्यायाधीशांना लिहावं, तर सर्वोच्च न्यायालय उच्च न्यायालयाचा निकाल फिरवू शकतं, पण कळमनुरीच्या न्यायाधीशांची बदली करू शकत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 235 नं जिल्हा आणि त्याखालच्या न्यायालयांवरचं नियंत्रण, नेमणुकीचं ठिकाण, बढती, रजा, सगळं उच्च न्यायालयाकडे दिलं आहे. म्हणजे वर्षाची बदल्यांची यादी ही आपल्या इमारतीतून निघते. बाकीच्या सुधारणांना विधेयक लागतं, अर्थसंकल्प लागतो, आयोग लागतो. दहा लाख लोकांमागं 50 न्यायाधीश हवेत, असं विधी आयोगानं 1987 मध्ये सांगितलं, सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्ये बजावलं, आणि आजही आकडा 21-22 च्या आसपास घुटमळतो आहे. त्याची वाट पाहत बसलो तर आमची हयात जाईल. ही मागणी परिपत्रकानं भागणारी आहे.

हिंगोलीचा आणि कोर्टाच्या अंतराचा संबंध जुना आहे. आमचा मुलूख निजामाचा. निजामानं 1921-22 च्या सुमारास न्यायखातं महसुलापासून वेगळं केलं, तेव्हा शेजारच्या इंग्रजी मुलखात कलेक्टरच दंडाधिकारी होता; निजामाच्या नावानं बोटं मोडताना आम्ही हे सोयीस्कर विसरतो. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आमचं हायकोर्ट हैदराबादहून मुंबईला गेलं. औरंगाबादला खंडपीठ बसायला 27 ऑगस्ट 1981 उजाडावं लागलं. तेही मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 51(3) खाली स्वतःच्या अधिकारात बसवलं, दिल्लीच्या मंजुरीची वाट न पाहता. त्याला आव्हान मिळालं, मुंबई उच्च न्यायालयानंच ते रद्द केलं, आणि 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुराणिक प्रकरणात देशपांडे साहेबांची बाजू उचलून धरली. 1984 मध्ये खंडपीठ कायमचं झालं. याच कलमाच्या आधारानं ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. मुख्य न्यायमूर्तींच्या एका सहीनं काय होतं, हे मराठवाड्याइतकं कोणाला ठाऊक नसेल. हिंगोली महसुली जिल्हा झाला 1 मे 1999 रोजी, पण न्यायालयाच्या नकाशावर आम्ही त्यानंतरही बरीच वर्षं परभणीतच मोडत होतो.

अंतर मात्र किलोमीटरचंच नसतं. विदर्भातून किंवा कोकणातून आलेल्या साहेबांना आमचं बोलणं, आमचे कागद उमजायला वर्ष जातं. 1954-55 ची खासरा पाहणी, 1950 च्या हैदराबाद कूळ कायद्याखालचं संरक्षित कूळ, मोडकळीला आलेल्या उर्दू नकला. बटईनं दिलेलं वावर आणि ठोक्यानं दिलेलं वावर यात फरक काय, हे साक्षीदार सांगतो, पण त्याला ते फार उघड वाटत असल्यानं अर्धवटच सांगतो. साहेबांना हे सगळं कळू लागतं आणि त्यांचा मुक्काम संपत येतो.

न्यायाधीशांना पत्र म्हटलं की रामशास्त्री प्रभुण्यांना साक्षीला बोलावायचा मराठीत रिवाज आहे. मी त्यांना त्रास देत नाही. मला रानडे जवळचे वाटतात, कारण त्यांनी खालच्या पायऱ्यांवर आयुष्य काढलं. 1871 मध्ये पुण्यात प्रथमवर्ग सबजज्ज झालेले महादेव गोविंद रानडे उच्च न्यायालयात पोचले 1893 मध्ये. मधल्या बावीस वर्षांत सरकारनं त्यांना 1878 मध्ये नाशिकला हलवलं आणि वर्षभरात, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमीत, धुळ्याला. पुण्यातून उचललेला हा माणूस धोक्याचा आहे, असा सरकारला संशय होता. बदली हे न्यायाधीशाला वेसण घालायचं हत्यार कसं होतं, हे त्यावरून कळतं, आणि घटनाकारांनी बदलीचा अधिकार सरकारच्या हातून काढून उच्च न्यायालयाला का दिला, तेही.

पण रानड्यांचं मला जास्त महत्त्वाचं वाटणारं काम वेगळंच आहे. 1875 च्या दंग्यांनंतर 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांत सावकार-कुळांच्या दाव्यांवर देखरेख करायला स्पेशल जज्ज नेमले गेले. 1880 च्या दशकात हे काम रानड्यांकडे आलं. गावोगाव मुक्काम करायचा, तिथल्या सबजज्जांचं दप्तर मागवायचं, चाललेल्या दाव्यांचे कागद वाचायचे. त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या आठवणींत या फिरतीची वर्णनं आहेत. वरिष्ठ न्यायाधीश खाली उतरून कनिष्ठांचं काम पाहतो, तेव्हा त्याला काय पाहायचं असतं, याचा तो नमुना. आमच्याकडे आता पालक न्यायमूर्ती येतात, तेव्हा पाहिलं जातं ते किती प्रकरणं निकाली निघाली, पाच वर्षांहून जुनी किती, दहा वर्षांहून जुनी किती. देशभर जिल्हा आणि तालुका न्यायालयांत 4.5 कोटींहून जास्त, महाराष्ट्रातच 50 लाखांहून जास्त प्रकरणं पडून असताना ते पाहायलाच हवं. पण एखाद्या दाव्याची फाइल काढून उलटतपास कसा नोंदवला आहे, हेही कोणीतरी वाचावं. निकालपत्र बरं लिहिणारे न्यायाधीश बढतीच्या यादीत दिसतात. साक्ष बरी घेणारे कुठं दिसतात?

बदल्या बंद करा, असं मी म्हणत नाही. तीन वर्षांनी बदली, या नियमाचं कारण आम्हा वकिलांना चांगलंच ठाऊक आहे. तालुक्याच्या गावात न्यायाधीशांना दूध कोण घालतं, पोरं कोणत्या शाळेत आहेत, सत्यनारायणाला कोण येऊन गेलं, सगळ्यांना माहीत असतं. सहा-सात वर्षं एकाच जागी बसलेले साहेब कितीही सरळ असले तरी एखादा वकील "साहेब आपलेच आहेत" म्हणत अशील गोळा करू लागतो. तेव्हा मुदत हवीच. आणि लांबणीचं सगळं खापर बदल्यांवर फोडणं हा अप्पलपोटेपणा होईल. एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नये, हा नियम आहे आणि त्याची आम्ही वकिलांनीच काय दशा केली आहे, ते कोणताही रोजनामा उघडून पाहावं.

म्हणून मागणी मधली आहे. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर यादी निघण्याआधी, जानेवारीतच, ज्यांची मुदत भरत आली आहे त्या प्रत्येक न्यायाधीशांकडून तपशील मागवावा: पुरावा पूर्ण झालेले दावे कोणते आणि अर्धवट कोणते. अर्धवटांत पुढची साक्ष सुरू करू नये. पूर्ण झालेल्यांचे युक्तिवाद त्या चार महिन्यांत रोज ऐकावेत, नवं काम बोर्डावर कमी लावावं. तरीही काही उरले तर त्या साहेबांना दोन-तीन आठवडे उशिरा कार्यमुक्त करावं. त्यातूनही निकाल वाचायचा राहिला, तर लिहून ठेवून जावं. आधीच्यांनी लिहिलेला निकाल नव्या न्यायाधीशांनी वाचून दाखवावा, अशी तरतूद आदेश 20 नियम 2 मध्ये आहेच. ती धूळ खात पडली आहे. उच्च न्यायालयात राखून ठेवलेला निकाल ज्यांनी ऐकला तेच न्यायमूर्ती देतात, रोस्टर बदललं तरी. वरच्या मजल्यावर जी शिस्त इतकी स्वाभाविक वाटते, तिच्यासाठी तळमजल्यावर अर्ज का करावा लागावा?

दुसरी गोष्ट ध्वनिमुद्रणाची. उलटतपास लेखी किंवा यांत्रिक पद्धतीनं नोंदवता येईल, हे शब्द 2002 च्या दुरुस्तीपासून आदेश 18 नियम 4 मध्ये आहेत. करोनाच्या काळात पडदे, कॅमेरे, मायक्रोफोन आमच्याकडेही आले. ते कपडा घालून झाकून ठेवण्याऐवजी निदान वाटणी, मृत्युपत्र, हक्कसोड, बलात्कार, खून अशा प्रकरणांत उलटतपासाचं मुद्रण करावं. बदली, आजारपण, मृत्यू कोणाला चुकत नाही; नव्या साहेबांना आणि अपिलातल्या न्यायाधीशांना निदान आवाज तरी ऐकू येईल. "भाऊ म्हणला चल" हे ती कशी म्हणाली, ते कानांनी ऐकलं असतं तर तिसऱ्या साहेबांनी तोच निकाल दिला असता का, मला सांगता येत नाही. दिला असता तरी तो ऐकून दिला असता. 1998 च्या अधिसूचनेनं जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली हे चांगलंच झालं, पण नोंदवहीतली मराठी एक आणि पिंजऱ्यात उभ्या बाईची मराठी दुसरी.

शेवटी नव्या न्यायाधीशांबद्दल. उत्तनच्या न्यायिक अकादमीतून थेट आमच्याकडे येणारी मुलं-मुली हुशार आहेत, कायदा तोंडपाठ, संगणकावर हात बसलेला, आणि वागायला बहुतेक वेळा जुन्यांपेक्षा बरी. 20 मे 2025 च्या निकालानं सर्वोच्च न्यायालयानं परीक्षेआधी तीन वर्षं वकिली पुन्हा सक्तीची केली. त्यामुळे निदान कोर्टाच्या बाकावर बसून साक्षीदार कसा घाबरतो, कसा बनेलपणा करतो, हे त्यांनी पाहिलेलं असेल. पण पहिल्या नेमणुकीत घेतलेल्या साक्षींवर त्यांनी स्वतः निकाल लिहिले नाहीत, तर आपण साक्ष घेताना काय हरवलं, काय विचारायचं राहिलं, हे त्यांना कधीच कळत नाही. कागद पुढच्यांच्या हाती जातो आणि चूकही. माणूस ओळखायचं जे शिक्षण याच पायरीवर मिळतं, ते जिल्हा न्यायाधीश झाल्यावर पुन्हा मिळेल, याची खात्री नाही. आणि ज्यांना पुढं उच्च न्यायालयात बसायचं आहे, त्यांच्याकडून तर आम्हाला याहून जास्त अपेक्षा आहेत.

पुढची यादी निघायला अजून अवधी आहे. पुरावा पूर्ण झालेल्या दाव्यांची माहिती प्रत्येक कोर्टाच्या संगणकात आणि रोजनाम्यात तयार असते. ती मागवायला प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना आपल्या कार्यालयाचा एक ई-मेल पुरेल. पहिल्या वर्षी प्रयोगाला एखादा छोटा जिल्हा हवा असेल, तर आमचा आहे. पाचच तालुके आहेत.

कळावे.

आपला विनम्र,
तालुका कोर्टातला एक वकील,
जिल्हा हिंगोली